डावीकडून अकरावा

सकाळी सव्वादहाला कालिंदी धुरी कार्यालयात यायच्या, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवायच्या आणि बसायच्या आधी पेन्सिल उचलायच्या. टेबलावर चार वर्तमानपत्रं असायची. बातम्या त्या नंतर वाचत. आधी फोटो बघत, आणि फोटोखालच्या ओळीत ज्याचं नाव नसेल त्याच्या डोक्याभोवती एक गोल काढत. उद्घाटनाला पाहुण्यांच्या मागे कात्रीचं तबक धरून उभी असलेली मुलगी. सत्काराची शाल घडीतून काढून देणारा माणूस. गायिकेच्या मागे तानपुरा धरलेली, अर्धीच दिसणारी बाई. एखाद्या दिवशी पन्नास गोल व्हायचे, गणपतीत शंभराच्या वर जायचे. मग त्या पेन्सिल ठेवत, "एवढी माणसं काल उगाच नटून आली" म्हणत आणि कामाला लागत.

'झुंबर' मासिकात त्यांची पस्तीस वर्षं गेली. शेवटची अकरा वर्षं त्या संपादक होत्या.

'झुंबर' ज्यांनी फक्त दवाखान्यात नंबर लागेपर्यंत चाळलं, त्यांनाही ते आठवत असेल. जाड गुळगुळीत कागद, बोट फिरवलं की नव्या साडीच्या घडीसारखा गार लागणारा. मुखपृष्ठावर पैठणी नेसलेली, नथ घातलेली अभिनेत्री. आत नाटक, गाणं, दागिने आणि घरं. घरं बहुतेक शिवाजी पार्कची, ज्यांच्या खिडकीतून मैदानातली झाडं दिसतात अशी. जयवंत सबनीस यांनी १९८८ साली हे मासिक काढलं. त्यांचा खरा धंदा लग्नपत्रिका आणि कॅलेंडरांचा. मासिक ही हौस, आणि हौसेच्या गोष्टीला माणूस जास्त जपतो. कार्यालय हिंदमाताला, साड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या डोक्यावर. जिना चढताना कोऱ्या कापडाचा वास यायचा, आणि वर गेल्यावर शाईचा.

कालिंदीताई तिथे तेवीस वर्षांच्या असताना मुद्रितशोधक म्हणून लागल्या. त्या लालबागच्या. वडील भिवा धुरी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनला एका गोदामावर पहारेकरी झाले. घरात मालवणी, शाळेत पुस्तकी मराठी, रस्त्यावर मुंबईचं सगळं मिसळलेलं. त्यामुळे कुठल्या माणसाशी कुठल्या आवाजात बोलायचं हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

त्यांच्या घरात भिंतीवर गिरणीच्या स्मरणिकेतून कापलेला एक फोटो होता. त्यात खुर्च्यांवर बसलेल्या सात जणांची नावं खाली छापली होती आणि मागे उभ्या असलेल्या तीसएक कामगारांसाठी 'व इतर' असे दोन शब्द. इतरांत भिवा. मुलाखत घ्यायला आलेले लोक या फोटोपाशी हमखास थांबत, कारण इथे सगळं जुळतं. कालिंदीताईंना ते मान्य नव्हतं. त्यांनी लहानपणी वडिलांना विचारलंही होतं, की तुमचं नाव का नाही. भिवा म्हणाले, "माझा नाव कित्याक व्हया? घरातले सगळे माका वळखतत." आणि जेवायला बसले.

"बाबांना काही वाटलं नव्हतं," त्या सांगायच्या. "त्यांच्या वतीने मी कशाला रडू? मला कुतूहल आहे, बस. हा कोण, हे कळल्याशिवाय मला पान उलटता येत नाही."

चोवीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. २०१३ साली आधीचे संपादक निवृत्त झाले. जयवंतरावांनी त्यांना बोलावून सांगितलं, "दोन महिने सांभाळ. मग बघू." त्या दोन महिन्यांतल्या पहिल्याच अंकात त्यांनी एक ओळ वाढवली. मुखपृष्ठाच्या श्रेयात अभिनेत्रीचं, साडीच्या दुकानाचं आणि सराफांचं नाव असायचं. त्याखाली आलं : साडी नेसवली – वसंत कोळंबकर.

वसंत खालच्या दुकानातले विक्रेते. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाला दाखवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, आणि तेवढ्या वर्षांतल्या 'झुंबर'च्या प्रत्येक मुखपृष्ठावरच्या निऱ्या त्यांच्याच हातच्या होत्या. अंक आला त्या दुपारी ते वर आले, दारातच उभे राहिले.

"ताई, हे चुकून आलंय का?"

"नाही. का हो?"

"नाही, घरी दाखवायचं होतं. चुकून असेल तर नको दाखवायला."

पुढे त्याचा नियम झाला. फोटोत चेहरा दिसत असेल तर खाली नाव असलं पाहिजे. नाव तीन वेगवेगळ्या माणसांनी ओळखून सांगितलं पाहिजे. मिळालं नाही, तर तो फोटो छापायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. छायाचित्रकार हितेंद्रने कपाळावर हात मारला. "ताई, उद्या मी लग्नाचा फोटो काढला तर वरातीची जनगणना करू का?"

"बँडवाल्यांपासून सुरू कर," कालिंदीताई म्हणाल्या.

नियम लहान होता, पण त्याने मासिक आतून हललं. नाव विचारायला गेलेला माणूस नुसतं नाव घेऊन परत येत नाही. हितेंद्र तानपुरेवाल्या बाईंचं नाव विचारायला गेला आणि त्या गेली एकतीस वर्षं एकाच गायिकेच्या मागे बसतात, मध्ये चार वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं तरीही बसत होत्या, हे ऐकून आला. त्यावर सहा पानं झाली. गिरगावात नाटकांचे केसांचे टोप विणणारं कुटुंब असंच सापडलं. फोटोही बदलले. आधी मागची माणसं कॅमेऱ्याकडे बघायची नाहीत. आता आपलं नाव लिहून घेतलंय म्हटल्यावर बघायला लागली, आणि दोन चेहरे कॅमेऱ्याकडे बघत असले की डोळा आधी कुठे जाईल हे सांगता येत नाही. अभिनेत्रींना ते आवडलं नाही. एकीने फोन करून विचारलं, की लेख माझ्यावर आहे की माझ्या इस्त्रीवाल्यावर.

जयवंतराव तीन वर्षं सोसत राहिले. त्यांच्या ओळखीची माणसं वाईट नव्हती, जाहिराती द्यायची, दिवाळीला मिठाई पाठवायची, पण ती विचारायला लागली होती की तुमच्या अंकात हल्ली कोण असतं. २०१६च्या जुलैत ते वर आले, त्यांच्या टेबलासमोर बसले.

"कालिंदी, लोक मासिक हातात घेतात ते जरा स्वप्न बघायला. तू त्यांना शेजारी दाखवतेस."

"शेजाऱ्यांचं नावही माहीत नसतं हो त्यांना."

"ते असू दे. दिवाळी अंक बघतो. लोकांनी उचलला, तर तुझं बरोबर. नाहीतर जानेवारीपासून दुसऱ्या बाई येतील. माझं बोलणं झालंय. तू मुद्रितं बघ परत, पगार तोच राहील."

"बरं," त्या म्हणाल्या. जयवंतराव गेल्यावर त्यांनी पंखा वाढवला. बाकी काही केलं नाही.

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर काय घ्यायचं हे हितेंद्रच्या वडिलांनी ठरवलं, असं म्हणायला हवं. त्यांचा लालबागला स्टुडिओ होता. ते गेल्यावर हितेंद्रने त्यांच्या पारदर्शिका उजेडात धरून बघितल्या, त्यात १९७९चा एक रंगीत फोटो निघाला. दशावताराचा खेळ सुरू व्हायच्या आधी, पडद्यामागे, एका लांब बाकड्यावर अकरा पुरुष ओळीने बसलेत. दिवसा गिरणीत काम करणारे, कुडाळकडच्या एकाच गावचे. कुणाच्या तोंडाला नुसता सफेदा, कुणाच्या एकाच डोळ्यात काजळ, कुणी मुकुट मांडीवर घेऊन विचारात. अकराही जणांच्या हातात आपापला छोटा आरसा. प्रत्येक जण अर्धा तो स्वतः आणि अर्धा राजा, राक्षस किंवा राणी.

कालिंदीताईंनी तो बराच वेळ बघितला. "दिवाळी अंक," त्या म्हणाल्या.

"नावं?" उपसंपादक प्राचीने विचारलं. ती तेव्हा नवीन होती आणि नियम तिलाच जास्त पाठ होते.

"अकरा हवीत."

ऑगस्ट आणि सप्टेंबर त्यातच गेले. फोटोची मोठी प्रत घेऊन त्या आणि प्राची लालबाग, परळ, काळाचौकी फिरल्या. काही चाळींच्या जागी टॉवर आले होते, काही माणसं गावी परतली होती. एकाने सख्ख्या भावाला ओळखलं नाही, त्याच्या कानातल्या भिकबाळीवरून मग ओळखलं. एका विधवा बाईने फोटोवर बोट न ठेवता नुसतं बघितलं आणि म्हणाली, "चौथे आमचे. तोंड रंगवलेलं मी कधी बघितलं नव्हतं, खेळाला बायका कुठे जायच्या तेव्हा." वहीत एकेका नावापुढे तीन बरोबरच्या खुणा पडत गेल्या. दहा नावं झाली.

डावीकडून अकरावा राहिला. उजव्या टोकाला, जरा तिरका बसलेला, तोंडाला फक्त सफेदा. बाकड्यावर त्याच्या शेजारी झांजांची जोडी ठेवलेली.

मुखपृष्ठ वडाळ्याच्या छापखान्यात जायचं त्या दिवशी दुपारी एकला जयवंतराव वर आले. फोटो त्यांना मनातून आवडला होता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"अकरावा मिळाला?"

"नाही."

"मग काप ना त्याला. कडेलाच तर आहे. दहा माणसांचा फोटो होईल, कुणाला कळणार आहे?"

"जयवंतराव, माणूस काय पदर आहे का, जास्त झाला म्हणून आत खोचायला?"

"चार वाजता गाडी येणार. मग काय करतेस? नियमाप्रमाणे फोटोच रद्द?"

फोटो रद्द केला तर हाताशी एका नटीचा पैठणीतला फोटो होता, आणि जानेवारीत दुसऱ्या बाई. कापला, तर नियम त्यांनी स्वतःच मोडल्यासारखं. त्या उठल्या, प्राचीला घेतलं आणि टॅक्सीने परळला गेल्या, त्या गावच्या मंडळाच्या खोलीत, जिथे आधी दोनदा कुलूप मिळालं होतं. एकेकाळी त्या एका खोलीत गावचे तीस पुरुष पाळ्यापाळ्यांनी झोपत. आता तिथे सतरंजी, कॅरम आणि भिंतीवर दोन फळे होते, एक देणगीदारांचा आणि एक दिवंगत सभासदांचा. अप्पा नावाचे म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांनी चष्मा पुसून अकराव्याकडे बघितलं, मग झांजांकडे.

"हो गुणाजी. गुणाजी राऊळ. झांज वाजवायचो. गेलो बिचारो, सात-आठ वर्सां झाली."

फळ्यावर नाव होतं. कै. गुणाजी राऊळ.

तीनपैकी एक माणूस आणि एक फळा. अजून दोघांना शोधायला दोन तास होते आणि शोधण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. कार्यालयात परतल्यावर कालिंदीताईंनी वहीत अकराव्या नावापुढे एकच खूण केली आणि ओळ लिहून दिली : कै. गुणाजी राऊळ, झांज. चारला गाडी गेली.

दिवाळी अंक दादरच्या स्टॉलवर आला आणि दिसला. दिव्यांच्या, रांगोळ्यांच्या, हसऱ्या चेहऱ्यांच्या मुखपृष्ठांत ते अकरा अर्धवट चेहरे वेगळे पडले होते. माणसं थांबत, वाकून नावं वाचत. चौथ्याच्या बायकोने सात अंक नेले. आठवड्यात स्टॉलवाल्यांनी आणखी मागवले. त्या दिवसांत जयवंतराव दोनदा कारण नसताना वर येऊन गेले.

भाऊबीजेनंतर चार दिवसांनी फोन आला. प्राचीने उचलला.

"मी आकांक्षा राऊळ बोलतेय. दादरला एका स्किन क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते. तुमचा अंक आमच्याकडे येतो. तुमच्या कव्हरवर माझे आजोबा आहेत."

"अरे वा. कितवे?"

"शेवटचे. गुणाजी राऊळ. तुम्ही त्यांना कैलासवासी लिहिलंय."

"हो. मंडळाच्या फळ्यावर तसं..."

"ते माझ्यासमोर बसून नखं कापतायत, मॅडम."

प्राचीने फोनवर हात ठेवून हे जसंच्या तसं सांगितलं. कालिंदीताईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "दोन गुणाजी. एका आजोबाचं नाव दोन भावांनी आपापल्या थोरल्याला ठेवलं. आमच्याकडे तेच करतात. माझ्या घरात दोन भिवा होते, थोरला आणि धाकला. गावचं कुणीही भेटलं तर मी पहिलं हे विचारलं असतं, कुठला गुणाजी. त्या दिवशी विचारलं नाही." डोळे उघडून म्हणाल्या, "कारण मला तो सापडायला हवा होता."

संध्याकाळी पाचला त्या नारळ घेऊन कॉटन ग्रीनला राऊळांच्या घरी गेल्या. प्राची बरोबर होती. गुणाजी राऊळ पंच्याहत्तर वर्षांचे, काटकुळे, बनियन आणि चौकटीची लुंगी. अंक त्यांच्या मांडीवर होता. कालिंदीताईंनी नारळ पुढे ठेवला, वाकून नमस्कार केला आणि मालवणीत सांगितलं की चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही, मी तुमच्या पायाशी ती मान्य करायला आलेय.

"मेल्याचा काय नाय गो बाय," गुणाजी म्हणाले. "ह्या वयात आज नाय तर उद्या. उलट आयुष्य वाढता म्हणतत. पण माका झांजवालो केलात?"

कालिंदीताई त्यांच्या मांडीवरच्या अंकावर वाकल्या.

"मी स्त्रीपार्टी. सोळा वर्सां. माझी द्रौपदी बघूक लोक काळाचौकीवरसून चलत येयत. झांज वाजवी तो माझो चुलतभाव, तोय गुणाजी. विडी ओढूक म्हणान भायर गेलो आणि झांज माझ्याकडे ठेवन गेलो. तेवढ्यात फोटो काढल्यानी." त्यांनी फोटोतल्या झांजांवर नख आपटलं. "झांजवालो म्हणे."

आकांक्षा आतून म्हणाली, "आजोबा, त्यांना चहा तरी घेऊ द्या."

"घेवंदेत. पण आधी तेंका कळूक व्हया."

दुसऱ्या दिवशी जयवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. "पुढच्या अंकात आतल्या पानावर चौकट," ते म्हणाले. "अनवधानाने वगैरे. दोन ओळी."

"मुखपृष्ठावर मेले, तर मुखपृष्ठावरच जिवंत होतील," कालिंदीताई म्हणाल्या.

"कालिंदी, तुझ्याच नियमाने तुला पाडलं. हे तू मुखपृष्ठावर सांगणार? इतका चांगला अंक गेल्यावर? लोक विसरतील."

"ते नाही विसरणार. त्यांना कापलं असतं तर ही चूक झालीच नसती, आणि ते कुठे आहेत हेही कळलं नसतं. मला ही चूक चालेल. जानेवारीचं तुम्ही ठरवा. डिसेंबर माझा आहे."

डिसेंबरच्या मुखपृष्ठासाठी त्यांनी 'झुंबर'ची जुनीच पद्धत घेतली. पैठणी आणि नथ. कार्यालयातली मधली खोली रिकामी केली. वसंत खालून सात पैठण्या घेऊन आले. गुणाजींनी त्या एकेक करून हातावर तोलल्या, पदर लांब धरून मान मागे घेतली. चार बाजूला सारल्या. "ह्यो पदर चवथ्या रांगेसून दिसाचो नाय." जांभळी निवडली. वसंत सवयीने निऱ्या करायला पुढे झाले.

"तू बाजूक रव," गुणाजी म्हणाले. "बायलमाणसांका नेसवतंस ता वेगळा. पुरुषाक आधी कंबर करूची लागता."

आणि त्यांनी दोन टॉवेल आणि एक दोरी घेऊन कंबर केली. वसंत जमिनीवर मांडी घालून बघत बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा विद्यार्थ्यासारखे. मग सफेदा, काजळ, गंध, गंगावन. सगळं स्वतःच्या हाताने, हातातल्या छोट्या आरशात बघून. मोठा आरसा समोर ठेवला होता, त्याकडे त्यांनी बघितलं नाही. मोठ्या आरशात माणूस सगळा दिसतो आणि मग घाबरतो, असं त्यांनी प्राचीला सांगितलं. दोन तास लागले. जयवंतराव पाच मिनिटांसाठी वर आले होते. ते खिडकीशी खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले.

नथ शेवटी चढली. गुणाजी उठले, आणि पाठ वेगळीच झाली होती. मान किंचित कलली, उजवं पाऊल पुढे आलं, हात पदराशी गेला तो नेमका थांबला. हितेंद्र कॅमेऱ्यामागून म्हणाला, "थोडं खिडकीकडे बघता का, बाई?"

तो चुकून बोलला होता. गुणाजींनी मान वळवली. "आता बरोबर," ते म्हणाले, आणि डोळे खिडकीकडे गेले.

काम झाल्यावर तोंड पुसता पुसता त्यांनी कालिंदीताईंना जवळ बोलावलं. "त्या दुसऱ्याचोय फोटो टाका खयतरी. नायतर वर गेल्यार म्हणतलो, माझा नाव तू खाल्लंस."

मुखपृष्ठावर त्या महिन्यात मजकूर एवढाच होता : गुणाजी राऊळ, दशावतारातली स्त्रीपार्टी, वय पंच्याहत्तर. गेल्या अंकात आम्ही त्यांना कैलासवासी आणि झांजवाले म्हटलं होतं. ते दोन्ही नाहीत. चूक संपादकाची. आतल्या पानावर गावाहून मागवलेला दुसऱ्या गुणाजींचा फोटो होता. त्याखाली लिहिलं, की हे कै. गुणाजी राऊळ, यांची झांज मुखपृष्ठावर आली होती, ते स्वतः विडी ओढायला गेले होते.

फोटोच्या दिवशी सगळे निघताना जयवंतरावांनी गुणाजींना घरी सोडायला स्वतःची गाडी सांगितली होती. मग जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी कालिंदीताईंना विचारलं, "जानेवारीच्या अंकात काय घेतेयस?"

इतकंच. दुसऱ्या बाईंचा विषय पुन्हा निघाला नाही. मुखपृष्ठाला नेहमी दागिने देणाऱ्या गिरगावच्या सराफांनी मात्र अंक आल्यावर फोन केला. म्हाताऱ्याच्या अंगावरचे दागिने खोटे आहेत, ते आम्हाला दिसतं, पुढच्या वेळी आमचे वापरा, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतरची सात वर्षं 'झुंबर' कसं झालं ते वाचकांना ठाऊक आहे. लोक घरातले फोटो पाठवायला लागले, मागे पेन्सिलीने लिहिलेल्या नावांसकट. स्वयंपाकघरांचे, वाद्यवृंदांचे, शिंपीखान्यांचे. कागद तसाच जाड आणि गुळगुळीत राहिला. त्यावर आता कुणीही येऊ शकत होतं, आणि आलेला माणूस तितकाच झळाळायचा. तीन मासिकांनी ही पद्धत उचलली. वडाळ्याच्या छापखान्यात फोटोखालच्या लांब ओळीला आजही 'धुरी' म्हणतात. या पानाची धुरी किती ओळींची आहे, असं विचारतात, आणि विचारणाऱ्या नव्या मुलांना धुरी हे एका बाईंचं आडनाव आहे हे माहीत नसतं. हे कळल्यावर कालिंदीताई मनापासून हसल्या होत्या.

नियमात त्यांनी एकच भर घातली. तीन माणसांनी ओळखलं तरी माणूस हयात आहे का ते बघायचं, आणि असेल तर शेवटी त्यालाच विचारायचं.

२०२४च्या एप्रिलच्या शेवटच्या दिवशी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ त्यांनी नको म्हटला होता, पण वसंत खालून पेढे घेऊन आलेच. जयवंतराव आता काठी घेऊन चालतात, तरी जिना चढून आले आणि भाषण न करता बसले. प्राची संपादक झाली होती, पण त्या खुर्चीत बसायला तयार नव्हती. कालिंदीताईंनी तिच्या खांद्याला धरून तिला बसवलं, खुर्ची किती वर-खाली होते ते दाखवलं. साडेअकराला त्यांनी पर्स घेतली. बहिणीकडे जेवायला जायचं होतं. हितेंद्र फोटो काढू लागला तर त्यांनी त्याला थांबवलं नाही, पण उभ्याही राहिल्या नाहीत. त्यामुळे त्या फोटोत त्या दारातून बाहेर पडताना दिसतात, आणि मागे खोलीतले सगळे जण समोरून.

जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्यावर त्या थांबल्या, कठड्यावर हात ठेवून वर बघितलं.

"प्राची, जूनच्या अंकातले ते गिरगावचे पेटी दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला अजून विचारलेलं नाहीस. ते साडेबाराला जेवतात आणि मग झोपतात. त्याच्या आधी फोन कर."